वाचकांचे प्रश्न : ग्रंथवाचन आणि आपले पूर्वग्रह

प्रश्न : मी अनेक वर्षे रोज भगवद्गीतेचा थोडा भाग अर्थासह वाचतो आणि पटलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारतो. अलीकडे माझी प्रत चाळून मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही एरवी जे बोलता, नेमक्या त्याच ओळींखाली रेघा आहेत.” तिचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. आध्यात्मिक उन्नतीसाठी वाचताना आपले पूर्वग्रह कसे ओळखावेत? ते दूर झाल्याशिवाय वाचूच नये का? भाष्ये बाजूला ठेवून केवळ मूळ श्लोक वाचले, तर हा दोष टळेल का?

उत्तर : पूर्वग्रह शोधायचे म्हटले की आपण मनात डोकावू लागतो, पण मन स्वतःविरुद्ध सहसा साक्ष देत नाही. पेन्सिलीच्या रेघा ती देतात. म्हणून आपल्या कन्येने योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे, असे मला वाटते. आपण कुठे रेघ मारतो, कोणता श्लोक भरभर उरकतो आणि कोणता श्लोक वाचताना दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा डोळ्यांसमोर येतो, या तीन गोष्टी तपासल्या तर पूर्वग्रहांचा बराचसा माग लागतो.

दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक घ्या. ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन’ हा त्याचा पूर्वार्ध सर्वांच्या तोंडी असतो आणि पुष्कळदा तो हाताखालच्या माणसाला, त्याने मोबदल्याविषयी विचारले की, ऐकवला जातो. वास्तविक हे अर्जुनाला सांगितलेले आहे. दुसऱ्याच्या कष्टाचे फळ अडवून धरण्याची मुभा त्यात कोठेही नाही. त्याच श्लोकाचा चौथा चरण ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, म्हणजे कर्म न करण्याकडेही तुझा ओढा नसावा, असे बजावतो. तो मात्र फारसा कोणी उद्धृत करीत नाही. आपल्या प्रतीत या श्लोकाखाली रेघ असेल, तर ती कोणत्या चरणापर्यंत गेली आहे, एवढे पाहावे.

सोळावा अध्याय या परीक्षेसाठी मला सर्वांत उपयुक्त वाटतो. दैवी संपत्तीचे गुण वाचताना वाचक नकळत स्वतःकडे पाहतो आणि आसुरी संपत्तीचे वर्णन सुरू झाले की त्याला भाऊबंद, शेजारी आणि पुढारी आठवू लागतात. पण तेराव्या ते पंधराव्या श्लोकांची रचना लक्षपूर्वक पाहावी. तेथे आसुरी वृत्तीच्या माणसाचे बोलणे प्रथमपुरुषात दिले आहे : आज मी हे मिळवले, ती इच्छाही पुरी करून घेईन, हा शत्रू मी मारला, इतरांनाही मारीन, माझ्यासारखा दुसरा आहे कोण? आणि त्याच ओघात, मी यज्ञ करीन, मी दान देईन. मोठ्याने वाचणाऱ्याला हे ‘मी’ स्वतःच्याच तोंडाने उच्चारावे लागते. धर्मकृत्यांचा अभिमानही त्याच यादीत बसवलेला आहे, हे नित्य पाठ करणाऱ्याच्याच नजरेतून सर्वाधिक निसटते. या भागावर एक आठवडा थांबावे आणि त्यात इतर कोणालाही न आणता वाचावे.

पूर्वग्रह काही दाराबाहेर काढून ठेवायच्या चपला नव्हेत. ते घेऊनच माणूस ग्रंथापाशी बसतो. ते दूर होईपर्यंत वाचायचे नाही असे ठरवले, तर वाचन कधीच सुरू होणार नाही. चौथ्या अध्यायातील ‘चातुर्वर्ण्यं मया सृष्टम्’, म्हणजे चार वर्ण मी निर्माण केले, या श्लोकाशी आल्यावर एक वाचक ‘गुणकर्मविभागशः’ (गुण आणि कर्म यांच्या विभागणीनुसार) या पदाचा आधार घेऊन निर्धास्त होतो, तर दुसरा तेथेच ग्रंथ मिटतो. दोघांचाही निर्णय श्लोकाआधीच झालेला असतो. श्लोक टोचत असेल तर तो टोचतो आहे असे समासात लिहावे, तेवढ्यासाठी त्याचा अर्थ ओढूनताणून सोयीचा करू नये आणि पुढच्या वाचनात पुन्हा तेथे थांबावे.

भाष्ये टाळून दोष टळणार नाही, कारण मग आपले स्वतःचे भाष्य एकटेच बोलत राहते. उलट परस्परविरोधी दोन भाष्ये शेजारी ठेवावीत. ‘सर्वधर्मान्परित्यज्य’ (सर्व धर्म सोडून) या अठराव्या अध्यायातील श्लोकात शंकराचार्यांना सर्व कर्मांचा संन्यास दिसतो. रामानुजाचार्यांना कर्म सोडणे नव्हे, तर फलाची आसक्ती आणि कर्तेपणाचा अभिमान सोडणे दिसते. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांच्या, कसोट्या पुढे ठेवल्या : आरंभ आणि शेवट, पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट, नवेपणा, फळ, स्तुतिनिंदेचा भाग आणि युक्तिवादाची संगती. या कसोट्यांनी मनमानी अर्थाला बराच लगाम बसतो. तरीही त्या मान्य असलेल्या पंडितांचे निष्कर्ष एक झाले नाहीत; टिळकांना गीतेत कर्मयोग प्रधान दिसला, संन्यासमार्गी टीकाकारांना ज्ञान.

आता आपल्या प्रतीविषयी. जुन्या रेघा खोडू नयेत. पुढच्या वाचनासाठी वेगळ्या रंगाची पेन्सिल घ्यावी आणि तिने फक्त न पटलेल्या ओळी खुणावाव्यात. कन्येला रस असेल तर तिने आपल्या वेगळ्या प्रतीत रेघा माराव्यात आणि अध्याय संपला की दोन्ही प्रती समोरासमोर ठेवाव्यात.