आयटीची डिग्री नाही आणि जर्मनीत सायबर सुरक्षेत काम करायचंय: इंगोलश्टाटला निघालेल्या ताईंना उत्तर

तुम्ही विचारलंत ते आधी थोडक्यात मांडते. सांगलीत सहकारी बँकेत ११ वर्षं नोकरी, शिक्षण बी.कॉम., वय ३४. मिस्टरांना जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या इंगोलश्टाटला नोकरी लागली आहे, मुलगी तिसरीत. बँकेत ओटीपीच्या फसवणुकीच्या तक्रारी तुमच्याच टेबलावर येतात आणि त्यातून या विषयाची गोडी लागली. पुण्यातला एक क्लास ‘एथिकल हॅकिंग, नोकरीची हमी’ म्हणून १ लाख ८० हजार मागतोय. पैसे भरू का, आणि आयटीवाली नसताना तिकडे मला कोणी दारात तरी उभं करेल का?

दोन दिवस उत्तर लिहून खोडत होते. दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर मी शोधलं, नोकरी मिळवली, आणि त्या वाटेवर एक गोष्ट हातून निसटली ती अजून सलते. तेही सांगणार आहे.

व्हिसा, ब्लू कार्ड, पगाराची अट, विमा हे सगळं ‘मेक इट इन जर्मनी’ या सरकारी संकेतस्थळावर नीट लिहिलेलं आहे. ते इथे पुन्हा लिहीत नाही.

क्लासचे पैसे भरू नका. नोकरीची हमी पुण्यातला माणूस बव्हेरियात देऊ शकत नाही. असे क्लास सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेतल्या मोठ्या प्रमाणपत्राचं स्वप्न दाखवतात, पण त्याला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, संगणक किंवा आयटीची डिग्री असली तर एक वर्ष सूट. परीक्षा पास झालात तरी तोवर नुसतं असोसिएट म्हणवून घ्यायचं. ते प्रमाणपत्र देणारी संस्था, आयएससी-टू, अगदी नवख्यांसाठी ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’ नावाची परीक्षा घेते आणि २०२२ मध्ये तिनं दहा लाख लोकांना त्याचं शिक्षण आणि परीक्षा फुकट देण्याचं जाहीर केलं होतं. आधी तिथे चौकशी करा. याच संस्थेनं २०२४ मध्ये सायबर सुरक्षेत जगभरात सुमारे ४८ लाख माणसं कमी पडतात असं सांगितलं. तो आकडा क्लासवाले भिंतीवर लावतात. पण गरज असणं आणि जागा निघणं यात फार अंतर असतं. इथल्या जाहिराती उघडून बघा, नवख्याच्या जागेलाही तीन वर्षांचा अनुभव आणि अस्खलित जर्मन मागितलेली असते.

आता माझं. मी चाकणच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते. बी.कॉम. करून कागदपत्रांच्या कामाला लागले आणि टीएस १६९४९ चे, म्हणजे गाड्यांच्या भागांच्या दर्जाच्या मानकाचे, अंतर्गत ऑडिट करू लागले. एनसी, म्हणजे नियमाप्रमाणे नसलेली गोष्ट, काढायची, कारण शोधायचं, सुधारणा झाली का बघायचं, सही घ्यायची. २०१५ मध्ये नवऱ्याबरोबर म्युनिकजवळच्या गावी आले. पहिली चार वर्षं घर आणि भाषा. २०१९ मध्ये एका पुरवठादार कंपनीत क्वालिटीच्याच कागदांची अर्धवेळ नोकरी मिळाली.

तिथे टिसॅक्स आलं. जर्मन गाडी कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून माहितीच्या सुरक्षेची ही तपासणी मागतात, २०१७ पासून. आमच्या आयटीच्या माणसांना ते कागद नको होते. मी म्हटलं, मी करते. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

पहिल्या अंतर्गत फेरीला एक अभियंता बरोबर होता. तो लॅपटॉप उघडून फायरवॉलचे नियम दाखवत चालला होता. सर्व्हर खोलीशी आलो तर दार सताड उघडं, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट अडवून ठेवलेला. आतला एसी बंद पडला होता, म्हणून कुणीतरी वारं यावं म्हणून तसं केलेलं. क्रेटच्या खाली फरशीवर गोल ओलसर डाग पडले होते, म्हणजे ते आजचं नव्हतं. अभियंता त्या दारातून बोलत बोलत आत गेला. मी बाहेर थांबले, कारण चाकणला टूलरूमच्या दाराला अशीच वीट लावलेली मी शंभर वेळा पाहिली होती. एसीच्या दुरुस्तीची नोंद कधी झाली, कुणी केली, कुणाला कळवली हे विचारलं. नोंदच नव्हती. त्या दिवशी मला कळलं की हे काम मला येतं.

हे भावनेच्या भरात सांगत नाही. आयएसओ २७००१ हे माहितीच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं, म्हणजे सुरक्षेसाठी करायच्या गोष्टी, आहेत. त्यातली तांत्रिक ३४. बाकी ५९ म्हणजे संस्थेची घडी ३७, माणसं ८, जागा आणि दारंखिडक्या १४. तुमच्या बँकेत मेकर-चेकर आहे ना? एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजूर करायची. या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, ५.३. तुम्ही ११ वर्षं ते रोज जगलात, आणि अर्जात लिहिलंत ‘काउंटरवर काम केले’. असं करू नका. केवायसीची तपासणी, फसवणुकीच्या तक्रारीत पहिल्या तासात कुणाला फोन करायचा, कोणतं खातं गोठवायचं, ग्राहकाचा जबाब कसा घ्यायचा, ऑडिटरला काय दाखवायचं, हे एकेक वेगळं लिहा.

आणि तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे जी माझ्या वेळी नव्हती. युरोपात बँका आणि विमा कंपन्यांच्या संगणक यंत्रणांसाठी डोरा नावाचा कायदा १७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तो सांगतो, बाहेरच्या कोणत्या कंपनीवर बँकेचं कोणतं काम अवलंबून आहे याची नोंदवही ठेवा, घटना घडली तर वेळेत कळवा, यंत्रणा बंद पडली तर काय याची तालीम करा. यासाठी बँक आतून माहीत असलेली माणसं लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, कारण पैसे काढायच्या विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत, मधल्या बनावट यंत्रणेनं परस्पर मंजुरी दिली. माहितीच्या सुरक्षेच्या नोकरीच्या मुलाखतीत मला एक हल्ला समजावून सांगा म्हणाले तेव्हा मी हाच सांगितला. तुम्ही तो माझ्याहून चांगला सांगाल, कारण दिवसअखेरीचा ताळा म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे.

भाषेबद्दल कुणी काहीही सांगो, या कामाला जर्मन लागते. नुसता कोड लिहिणाऱ्याचं इंग्रजीवर भागतं. तुम्हाला मात्र गोदामातल्या पन्नाशीच्या माणसाला पटवायचंय की कळफलकाखाली पासवर्ड चिकटवू नये. तो इंग्रजीत पटत नाही. बी-टू ही जर्मनची मधली वरची पातळी झाल्यावर मी अर्ज करू लागले, त्यावरच्या सी-वनला पोचले तेव्हा लोक माझं म्हणणं मध्येच तोडायचे थांबले. क्लासचे १ लाख ८० हजार जर्मनवर घाला, आणि सांगलीतच सुरुवात करा.

कागदांचं. तुमच्या नावाचं आत्ताच बघा. माझ्या पासपोर्टात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात होतं. इथल्या दृष्टीनं नवऱ्याचं नाव हे माझं दुसरं नाव झालं. विम्याचं कार्ड, बँक, शाळेचा फॉर्म, सगळीकडे मी दोन नावांची बाई. डिग्रीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाल्या, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. मी लग्नाचा दाखला दिला, तर त्यावर तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं. आपल्याकडे बाईचं मधलं नाव लग्नात बदलतं हे मी त्या मोडक्या जर्मनमध्ये सांगत होते आणि मागे रांग वाढत होती. पुढे भाषांतर, प्रतिज्ञापत्र, पुन्हा तारीख. आठ महिने गेले. इतक्या वर्षांची नोकरी सोडून आलेल्या बाईला ‘तू तूच आहेस याचा पुरावा आण’ असं सांगितलं जातं, त्याचा राग मला अजून येतो. तुम्ही निघण्यापूर्वी सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करा, किंवा तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून त्याचं मान्यताप्राप्त भाषांतर घेऊन या.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पहिली दोन वर्षं जास्त, मग कमी. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

मुलीचं मात्र लिहिते. तुम्ही ते एका ओळीत विचारलंत, ‘शाळेचं काय, होईल ना सगळं नीट?’

बव्हेरियात चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. मे महिन्यात एक प्रमाणपत्र मिळतं, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी. इथे १ सगळ्यात चांगला. २.३३ पर्यंत गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे मधली वाट, त्यापुढे मिटेलशूल, जिथून बहुतेक मुलं व्यवसाय शिकायला जातात. माझा मुलगा चिंचवडच्या मराठी शाळेतून आठव्या वर्षी आला, इथे दुसरीत बसला. चौथीत गणितात २, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ४. सरासरी ३.

त्या वर्षी मी बी-टूची तयारी करत होते. संध्याकाळी सहा ते नऊ क्लास, घरी यायला दहा. तो झोपलेला असायचा. त्याची जर्मनची वही मी नीट उघडली ती मे महिन्यात. पानभर लाल खुणा, आणि जवळजवळ सगळ्या एकाच चुकीच्या. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं काढतात. त्यानं घर, झाड, आई, सगळी नामं लहान अक्षरानं लिहिली होती. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नसतं. रोज अर्धा तास बसले असते तर दोन महिन्यांत सुटलं असतं.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका आईकडून कळलं की नियमातच सोय आहे. मूल परभाषक असेल आणि पहिलीपासून जर्मन शाळेत नसेल, तर ३.३३ पर्यंत सरासरी असली तरी शाळा त्याला गिम्नाझिउम किंवा रेआलशूलसाठी योग्य ठरवू शकते, गुण जर्मन कच्चं असल्यामुळे गेले असतील आणि ती उणीव भरून निघण्यासारखी असेल तर. त्याची सरासरी ३ होती. शाळेनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दुसऱ्यांच्या कारखान्यात कोणती नोंद राहिली हे शोधणं ज्या बाईचं काम, तिनं स्वतःच्या मुलाच्या कागदावर एक प्रश्न विचारला नाही.

तो आता १८ चा आहे. मिटेलशूलमधून दहावीची परीक्षा दिली आणि फाखइन्फॉर्माटिकरची, म्हणजे आयटी तंत्रज्ञाची, तीन वर्षांची आउसबिल्डुंग (कामावरचं व्यवसाय शिक्षण) करतोय, काही दिवस कंपनीत, काही दिवस व्यवसाय शाळेत. विद्यापीठाशिवाय या क्षेत्रात शिरायची ती इथली सगळ्यात सरळ वाट आहे. मोठ्यांसाठी तिचं दोन वर्षांचं रूप असतं आणि नोकरी कार्यालयानं मंजुरी दिली तर खर्चही तेच देतात, म्हणून तुम्हीही ते लक्षात ठेवा. तो म्हणतो, आई, मला आवडतं, तू काय ते धरून बसलीस. जेवताना मला नेटवर्कचं समजावून सांगतो, अस्खलित जर्मनमध्ये, मध्येच मराठी शब्द शोधत थांबतो. मला त्याचं ऐकायला आवडतं आणि ती वही आठवते.

म्हणून तुमची तारीख ठरली की कळवा. मे-जूनमध्ये येत असाल तर शाळेच्या पहिल्या भेटीला मी तुमच्याबरोबर इंगोलश्टाटला येईन. तिला तिसरीतच बसवा, म्हणजे चौथीआधी भाषेला वेळ मिळेल, असं आपण मागू, आणि ३.३३ चं त्यांच्याकडून लिहून घेऊ. नोकरीचं त्यानंतर बोलू.