मोठ्या विमानामागून उतरणाऱ्या सेसनाला धावपट्टी मोकळी असूनही का थांबवतात?

धावपट्टी मोकळी दिसली तरी तिच्यावरची हवा मोकळी नसते, म्हणूनच हवाई वाहतूक नियंत्रक सेसनासारख्या लहान विमानाला मागे ठेवतो. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून दोन उलट फिरणारे भोवरे निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, हळूहळू खाली बसतात आणि काही मिनिटे टिकतात. बोइंग ७३७ च्या पंखांचा विस्तार सुमारे ३६ मीटर, तर सेसना १७२ चा जेमतेम ११ मीटर; त्यामुळे सेसना अशा भोवऱ्यात सापडली की ती एका कुशीवर कलंडते आणि वैमानिकाने नियंत्रण-चाक पूर्ण फिरवले तरी सरळ होईलच असे नसते. जमीन जवळ असल्याने सावरायला उंचीही उरत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मूळ वर्गीकरणानुसार ७,००० किलोपर्यंतच्या हलक्या विमानाला ७३७ सारख्या मध्यम विमानामागे रडारवर ५ सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किमी), १३६ टन वा त्याहून जड विमानामागे ६ सागरी मैल अंतर दिले जाते. वेळेने मोजायचे तर दोन्हींमागे ३ मिनिटे. मंद आडवा वारा विशेष फसवा, कारण वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या भोवऱ्याला तो धावपट्टीवरच रोखून धरतो. मात्र वैमानिक नजरेच्या आधारे उतरत असेल, तर नियंत्रक बहुधा फक्त सावध करतो आणि अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकाची असते; अशा वेळी त्याने मोठ्या विमानाच्या मार्गापेक्षा उंच राहावे, त्याची चाके टेकली त्या जागेच्या पुढे उतरावे आणि शंका असल्यास उतरणे सोडून पुन्हा फेरी घ्यावी.