लेक हातची गेली का हो?

‘शाळेच्या फाटकापाशी आपल्या भाषेत बोलू नकोस म्हणाली. मॅडम, लेक हातची गेली का हो?’

परक्या देशात स्थायिक झालेल्या आया हा प्रश्न या ना त्या शब्दांत मला विचारतातच. ही मुलगी चौदा वर्षांची (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). आई मातृभाषेत विचारायची, मुलगी तिथल्या भाषेत उत्तर द्यायची. मध्येच आई एका शब्दाला अडली, तर मुलीने मोबाइलमधून मान वर न काढता तो पुरवला. मातृभाषेतला, अगदी नेमका. मी चमकले.

एकटी बसल्यावर ती म्हणाली, ‘व्हिडिओ कॉलवर माझं बोलणं चुकतं. सगळे हसतात, तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावतात.’ कौतुकानेच हसत असतील, पण तिने तोंड मिटलं ते मिटलंच. शाळेत तिच्या नावाचे हाल, घरी तिच्या व्याकरणाचे. तिला लाज भाषेची नव्हती, चुकण्याची होती.

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी स्थलांतरितांच्या चार वाटा सांगतात: दोन्ही संस्कृती धरून राहणं, जुनी सोडून नवीत विरघळणं, जुनीतच दार लावून बसणं, नाहीतर दोन्हींपासून तुटणं. त्यांच्या सहभागाने १३ देशांतल्या स्थलांतरित किशोरांचा अभ्यास झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही धरून राहिलेली मुलं सर्वांत सावरलेली दिसली. मात्र ही वाट मुलाच्या एकट्याच्या हातात नसते, समोरच्या समाजानेही जागा द्यावी लागते. वर्गात नाव नीट घ्यायची तसदी कुणी घेत नसेल, तर दोष मुलीला कसा द्यायचा?

शिवाय या वयात ‘मी कोण’ याची चाचपणी चालूच असते. आज लांब पळणारं मूल पुढे आपणहून चौकशी करत येतं, हे मी पाहिलंय. नेहमीच येतं असं नाही.

आईला एवढंच सांगितलं: चूक सुधारायची नाही, पाहुण्यांपुढे ‘बोलून दाखव’ म्हणायचं नाही. नाव कसं उच्चारायचं ते शिक्षकांना सांगायला मात्र जा, पण आधी तिला विचारून.

दोनेक महिन्यांनी आई सांगत होती, ‘फाटकापाशी अजून तिकडचीच भाषा. पण परवा माझ्याशी कडाकडा भांडली, आपल्या भाषेत. दोन चुका होत्या. मी काही बोलले नाही.’