वशिला नाही आणि लिंक्डइनवर कुणी उत्तरही देत नाही

प्रश्न : ताई, मी यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झालो. वडील शेती करतात, नात्यागोत्यात कंपनीत कुणी नाही. पाचट (उसाचा वाळलेला पाला) कुट्टी यंत्राचं प्रोजेक्ट केलंय. चाकण-रांजणगावच्या कितीतरी एचआरना लिंक्डइनवर ‘आय अ‍ॅम फ्रेशर, काही व्हेकन्सी असेल तर कळवा’ असं लिहिलं. कुणाचं उत्तर नाही. मित्र म्हणतो, लिंक्डइनचं पैसे भरून मिळणारं प्रीमियम खातं घे. घेऊ का? प्रोफाइलची लिंक सोबत दिली आहे.
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : प्रीमियमचे पैसे तूर्त खिशातच राहू देत. चाकणला भरतीच्या खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तुझ्यासारखे मेसेज सकाळच्या चहाबरोबर यायचे आणि तसेच पडून राहायचे. राग नसतो रे, पण ‘काही असेल तर’ याला उत्तर तरी काय देणार?

एचआरचा नाद सोड, आधी आपल्या कॉलेजची मुलं गाठ. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर ‘अ‍ॅल्युमनाय’ असा भाग असतो. कोण कुठे राहतं, कुठल्या कंपनीत, कोणत्या कामात, अशी चाळणी तिथे लावता येते. पुणे निवड, क्वालिटी (मालाचा दर्जा तपासणारं खातं) निवड. प्लांट हेड नको, तुझ्यापुढे दोन-तीन वर्षं असलेले बघ. इंटरव्ह्यूत काय विचारतात हे त्यांना अजून आठवत असतं.

‘माझी त्यांची ओळख नाही’ म्हणून बुजू नकोस. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारलं होतं, की ती व्यक्ती त्या काळात तुम्हाला कितीदा भेटायची? १९७३ साली छापलेल्या त्याच्या निबंधात नेहमी भेटणारे जेमतेम १७ टक्के आहेत. बाकीचे कधीमधी किंवा क्वचितच भेटणारे. जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक तेवढंच ठाऊक असतं.

आता मजकूर. फुकटच्या खात्यात रिक्वेस्टसोबतची चिठ्ठी २०० अक्षरांत बसवावी लागते, आणि महिन्याला मोजक्याच मिळतात. तेव्हा असं लिही : ‘नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजचा, यंदाचा मेकॅनिकल. पाचट कुट्टी यंत्राचं प्रोजेक्ट केलंय. क्वालिटीच्या इंटरव्ह्यूत फ्रेशरला ड्रॉइंग वाचायला देतात का?’ मराठीत लिहिलंस तरी बिघडत नाही. यात नोकरी मागितलेली नाही, आणि उत्तर बस थांब्यावर उभ्या उभ्या देता येतं. ते आलं की आभार मान, सांगितलेलं कर, केल्याचं कळव. रेफरलचं, म्हणजे कंपनीत तुझं नाव सुचवण्याचं, मग विचार.

तुझी प्रोफाइल पाहिली. नावाखालचं ‘सीकिंग अपॉर्च्युनिटीज’ काढ, तिथे शिक्षण आणि येत असलेलं कॅड सॉफ्टवेअर लिही. यंत्राचा एकही फोटो नाही! पाती कुठल्या स्टीलची होती, किती वेळात बोथट झाली, मग काय बदललंस, हे चार ओळींत लिही. मला तर हेच वाचायचं असायचं. ‘हार्डवर्किंग’ आणि ‘टीम प्लेअर’ सगळेच असतात. नोकरी शोधतोय हे सांगणारी, फोटोभोवतीची ‘ओपन टू वर्क’ची हिरवी कड मला आवडत नाही, पण ती तुझी मर्जी. फक्त रिक्रूटरना, म्हणजे भरती करणाऱ्यांना, दिसेल अशीही सोय आहे.

रजिस्ट्रेशन किंवा ट्रेनिंगचे पैसे मागणारा भेटला की सरळ ब्लॉक कर. केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ पोर्टलवर अप्रेंटिसशिपसाठी नाव घाल. भत्ता मिळतो, शॉप फ्लोअर, म्हणजे कारखान्यातलं प्रत्यक्ष काम, दिसतो.

आणि फोटोतला तो गॉगल काढ.