बोअरचं पाणी जड आहे. सोलर वॉटर हीटर काचेच्या नळ्यांचा घ्यावा की प्लेटचा?

काचेच्या नळ्यांचाच घ्या. जड पाणी तापलं की त्यातला क्षार आतून धरतो, आणि प्लेटमधल्या तांब्याच्या नळ्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या असल्यामुळे हळूहळू तुंबतात. वरून काही दिसत नाही, फक्त पाणी कोमट यायला लागतं. काचेची नळी 47 किंवा 58 मिलिमीटर जाड, खालून बंद. क्षार तळाशी बसतो, नळी काढून धुता येते, फुटली तर तेवढीच बदलायची. मात्र गच्चीवर माकडांचा त्रास असेल तर हीट एक्स्चेंजरवाली प्लेट बघा (यात बोअरचं पाणी बारीक नळ्यांत जात नाही, नळ्यांतलं वेगळं पाणी त्याला बाहेरून तापवतं), महाग पडली तरी. आणि टाकी रिकामी राहून नळ्या उन्हात तापल्या असतील तर गार पाणी लगेच सोडू नका, काच तडकते. रात्री किंवा पहाटे भरा.