आधी नखाएवढे दात शोध

अरे, पहिल्याच फेरीत मेगॅलोडॉन या नामशेष महाकाय शार्कचा तळहाताएवढा दात मिळेल ही आशा घरी ठेवून ये. फ्लोरिडात व्हेनिसच्या किनाऱ्यावर मिळतात ते बहुतेक शार्कचे नखाएवढे, काळे जीवाश्म दात. लाट ओसरली की शिंपल्यांचा चुरा साचतो, त्या पट्ट्यात चाल. काळा खडाही चकाकतो, पण दाताचं पातं गुळगुळीत आणि मूळ खरखरीत, विटकं असतं. एकदा नजर बसली की दिसायला लागतात.

फ्लोरिडातल्याच पीस नदीत नंतर जा, तेही हिवाळ्यात, पाणी उतरलेलं असताना. तिथे एवढंच सांभाळ:

- चाळणी पाव इंच जाळीची घे. बारीक घेतलीस तर वाळूच चाळत बसशील.
- वाळू नको, खडी उपस. फावडं खर्र वाजलं की तिथेच खण.
- एकटा जाऊ नकोस, नदीत ॲलिगेटर आहेत.

दात धुवायला साधं पाणी आणि जुना टूथब्रश. मी हौसेने एक छान दात रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला होता. सकाळी चकाकी पार गेलेली!

शार्कच्या दातांना तिथे परवाना लागत नाही. सरकारी जागेतली इतर प्राण्यांची जीवाश्म हाडं मात्र परवान्याशिवाय उचलू नकोस.