वाचकांचे प्रश्न : इंग्रजी कळते, पण बोलता येत नाही

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. व्याकरणात तिला चांगले गुण मिळतात, परंतु इंग्रजी बोलताना ती अडखळते. काय करावे?
– एक पालक, लालबाग

उत्तर : यात तिच्या बुद्धीचा दोष मुळीच नाही. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. त्यामुळे आधी मनात मराठी वाक्य जुळवून मग त्याचे भाषांतर करणाऱ्या मुलीला प्रत्येक वाक्य उसवून पुन्हा विणावे लागते आणि तेवढ्यात धीर सुटतो. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीतच, म्हणून तीही गळतात.

सुट्या शब्दांऐवजी तिला रोजच्या वापरातली संपूर्ण वाक्ये ऐकू द्या व मोठ्याने म्हणू द्या. आपल्या लोकलमध्ये पुढच्या स्थानकाची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. अर्थ आधीच ठाऊक असल्याने असे ऐकणे फार उपयोगी पडते. ती बोलत असताना मध्येच चूक दाखवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिचे बोलणे संपल्यावर तेच वाक्य आपण शुद्ध रूपात सहज उच्चारावे. मराठी वाचन मात्र थांबवू नका.